मदत हवी आहे: मल्टिफोकल लेन्सवर फोकसिंगचा व्यायाम कसा बसवायचा?

मुंबईतल्या ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींना विचारायचं आहे. वय 18 ते 25, मायोपिया (दूरचं धूसर दिसणं), सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स. मध्यभागी दूरचा नंबर, भोवती +2.50 अ‍ॅड, म्हणजे जवळचं बघायला जादा पॉवर. यातले काही जण जवळ बघताना स्वतःचं फोकसिंग वापरतच नाहीत, अ‍ॅडवर भागवतात. एमईएम रेटिनोस्कोपीत (जवळ वाचताना डोळ्यात उजेड टाकून फोकस मोजणं) मध्यभागाचाच रिफ्लेक्स, म्हणजे डोळ्यातून परतणारा उजेड, वाचला तर लॅग (फोकस जितका कमी पडतो तो फरक) +1.00 च्या पुढे निघतो; एरवी +0.25 ते +0.75 अपेक्षित असतो. लेन्सचे दोन झोन (मध्य आणि भोवतालचा भाग) मिसळून वाचले तर आकडाच फसवा.

खरा घोळ फ्लिपरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आलटून पालटून धरायच्या प्लस-मायनस भिंगांचा. 40 सेंमीवर −2.00 लावलं की फोकसिंगची मागणी 4.50 डायॉप्टर होते, पण अ‍ॅडमधून बघितलं तर फक्त 2.00. म्हणजे मिनिटाला एका डोळ्याने 11 आणि दोन्हींनी 8 फेऱ्या हे नेहमीचे निकष लेन्सवर गाठले, तरी फोकसिंग सुधारलं असं म्हणता येत नाही.

म्हणून प्रश्न:

आधी साध्या चष्म्यावर ±1.00 पासून ±2.00 पर्यंत नेऊन मग मल्टिफोकलवर यायचं, की थेट लेन्सवरच? लेन्समुळे अक्षराला सावली दिसली तरी "अक्षर काळं, कडा धारदार" होईपर्यंत थांबायला कसं शिकवता? जवळचा एक्सोफोरिया (डोळे बाहेर वळण्याचा कल) वाढलेला असेल तर कन्व्हर्जन्स, म्हणजे डोळे आत वळवण्याचा व्यायाम, आधी घेता का?

हार्ट चार्टला (दूर-जवळ आलटून पालटून वाचायचा अक्षरांचा तक्ता) 3 मीटर लागतात. वन रूम किचनमध्ये ते कुठून आणायचे? चाळीची गॅलरी चालते, पण उजेड बदलला की बाहुलीही बदलते, आणि मग कुठला झोन वापरात आहे कळत नाही.