बरड माळावरचे दगड वेचून जमीन सुधारते का? (चर्चा)

मोरडकर, साखळी

सासुरवाडीची जमीन आटपाडीच्या बाजूला आहे. उताराचा माळ, वर कुसळी, खाली मुरूम. मेव्हण्याने ठरवलेय की यंदा जेसीबी लावून सगळे दगड काढायचे, तलावातला गाळ आणून पसरायचा आणि केशर आंबा लावायचा. माझे मत विरोधात आहे. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून इथे मांडतो.

ही माती कोणी बिघडवल्यामुळे अशी झालेली नाही. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो कुजला की त्याची चिकणमाती होते, पण उतारावर ती ठरत नाही. पावसागणिक खाली जाते आणि ओढ्याकाठी काळे रान तयार होते. वर उरतात धोंडे, खडे आणि भरड रेती. माळावर माती कमी का, याचे उत्तर खालच्या शेतात पुरलेले आहे.

ही रेती मिरामारच्या रेतीसारखीही नव्हे. किनाऱ्यावरची रेती बरीचशी गारेची (क्वार्ट्झची) असते, पिकाला काही न देणारी. काळ्या पाषाणात गार जवळजवळ नसतेच. माळावर चमकणाऱ्या गारगोट्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये मागाहून भरलेल्या. बाकीची रेती म्हणजे दगडाचाच चुरा, अजून कुजतो आहे, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडतो आहे. गवताला तेवढे पुरते.

आता पाण्याचा हिशेब. मातीचा थर ३० सेंटीमीटर आणि त्यात निम्मे दगड धरा, म्हणजे खरी माती १५ सेंटीमीटर. अशा रेताड मातीत झाडाला घेता येईल असे पाणी मावते जेमतेम १५ ते १८ मिलिमीटर. उभे पीक दिवसाला ५ मिलिमीटरच्या आसपास पिते. पाऊस थांबला की चौथ्या दिवशी पीक माना टाकणार. गवत मात्र टाकत नाही, ते सुकून वाट बघते. उलट १० मिलिमीटरची एखादी हलकी सर काळ्या रानात दोन बोटे मुरते आणि दुसऱ्या दिवशी उडून जाते. बरडात तीच सर अर्ध्या वितेच्या पुढे जाते, कारण दगड पाणी पीत नाहीत, रेती ते धरून बसत नाही. वर सुटे पडलेले दगड थेंबांचा मार झेलतात आणि ओल झाकून ठेवतात. ते काढले की दोन पावसाळ्यांत काय उरेल ते सांगा.

कुरण ठेवावे, मारवेल आणि पवन्या वाढू द्यावा, कापून विकावा. बोला.

जतची माहेरवाशीण, फोंडा

३००० मिलिमीटर पावसात राहून आमच्या माळाला गवत ठेवा म्हणणे सोपे आहे. माझ्या आजोबांनी दगड वेचले ते काय हौसेने? वेचलेला दगड कोणी फेकत नाही, त्याचीच ताल, म्हणजे उताराला आडवा दगडी बांध, घालतात. तालीमागे वरून आलेली माती अडते, पाच-दहा वर्षांत पट्टा तयार होतो, त्यात ज्वारी येते. माणदेशातली निम्मी शेते अशीच हाताने झालेली आहेत. तुमच्या विज्ञानाप्रमाणे ती व्हायलाच नको होती.

सांगोल्याचे डाळिंब कशावर येते? मुरमावर. डाळिंबाला काळे रान नकोच असते, पाणी साचले की मर लागते. जी जमीन तुम्ही गवतापुरती ठरवली तिच्यावर लोकांनी घरे बांधली, मुली शिकवल्या. गवताच्या पेंढ्या विकून इंजिनिअरिंगची फी भरली जाते का, तेवढे सांगा.

बारदेसकर

मोरडकर बाबांना पाठिंबा. आमच्या गोव्यातल्या सड्यांचेही, म्हणजे सपाट कातळी पठारांचेही, हेच झाले. पर्वरीचा सडा, वेर्णेचा सडा, शेवटी विमानतळासाठी मोपा. वर माती नाही, झाड नाही, मग रिकामीच जागा, घाला काहीही. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं फुलतात ते बघायला कोण जातो? माळ काय, सडा काय, कागदावर दोन्ही पडीक.

निवृत्त खाणकामगार, डिचोली

बारदेसकर, भावना बरोबर आहे पण माळ आणि सडा एका दावणीला बांधू नका. आयुष्य दगडात गेलेय म्हणून सांगतो.

गोव्यात दख्खनचा लाव्हा फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, सत्तरीच्या घाटाकडे थोडा आहे. आपला सडा जांभ्याचा. मुसळधार पावसाने दगडातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेले, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तेच घट्ट झाले. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात कडक होतो तो यामुळेच. माती आम्लधर्मी, भातालासुद्धा चुना घालावा लागतो.

आटपाडीकडे बरोबर उलटे. पाऊस इतका कमी की चुना धुऊन जातच नाही, मुरमात चुनखडी होऊन बसतो. ढेकळावर थोडे सौम्य ॲसिड टाका, फसफसले तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोखंड असूनही मुळांना मिळत नाही, नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आंबा लावायच्या आधी मेव्हण्याने हे तपासले आहे का? गाळ किती ट्रॉल्या, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि मोरडकर, दगडांचे तुम्ही अर्धेच सांगितले. सुटा दगड पाणी मुरवतो, पण जो मातीत पक्का रुतून वरच्या पापुद्र्याशी एकजीव झाला आहे तो पाणी पळवतो. जास्त चराई झालेल्या माळावर खुरांनी दगड असेच ठेचले जातात. मग पाऊस पडतो आणि फरशीवरून गेल्यासारखा ओघळून जातो. तुमच्या माळावर नुसती कुसळी आहे म्हणता, म्हणजे शेळ्यामेंढ्यांनी मारवेल आणि पवन्या आधीच संपवला आहे. कुसळे आलेल्या कुसळीला कोणी तोंड लावत नाही, म्हणून ती उरली. दगड जागेवर ठेवले म्हणजे आपोआप कुरण होईल असे नाही, चराई दोन-तीन वर्षे बंद करावी लागेल.

मोरडकर

चराईचे मान्य. धनगरांची मेंढरे दरवर्षी तिथून जातात, त्यांना अडवायचे कसे हा वेगळाच वाद आहे, आणि मला तो घालायचा नाही. गवत त्यांनाही हवेच आहे.

ताई, तालीला माझा विरोध नाही. तुमच्या आजोबांनी हाताने वेचले, मोठा धोंडा तेवढा उचलला, बारीक खडी जागेवर राहिली. जेसीबीचा बकेट दगडाबरोबर वरची चार बोटे मातीही नेतो, आणि त्या माळावर कसदार माती आहे ती तेवढीच.

खाजनवाला

आमच्याकडे खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, माती कमरेइतकी आणि वर मीठ फुकट. अदलाबदल करणार?

सत्तरीकर

गाळाबद्दल. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, त्यातून बरडावर गाळ टाकलेला मी सांगलीकडे बघितला आहे. जिथे पातळ थर टाकून मुरमात नांगरून मिसळला तिथे फरक दिसतो. जिथे नुसता वर जाड पसरला तिथे चिकण थराखाली एकदम भरड थर येतो, पाणी त्या सीमेवर थबकते, वरचा गाळ चिखल होतो आणि उन्हाळ्यात तडकतो. मुळे खाली उतरत नाहीत. म्हणजे गाळ वाईट नाही, टाकण्याची घाई वाईट.

बारामतीजवळ मालेगाव खुर्दला अजैविक ताणांवर (दुष्काळ, उष्णता, क्षार असल्या) संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे, तीही असल्याच खडकाळ माळावर उभी राहिली. खडक फोडून खड्डे घेतले, भर घातली, फळबाग उभी केली. त्यामुळे होत नाही असे म्हणू नका.

मोरडकर

होत नाही असे मी म्हटलेच नाही. सुरुंग लावून फळबाग संस्थेने केली, मेव्हण्याने सोसायटीचे कर्ज काढायचे आहे. आणि अशा कोरड्या ज्वालामुखीच्या मुलखात लोक दगड काढत नाहीत, उलट पसरतात. कॅनरी बेटांत लान्झारोटेवर १७३० ते १७३६ उद्रेक झाला, रान राखेखाली गेले. लोकांनी तेच काळे खडे शेतावर आच्छादन म्हणून वापरले आणि वर्षाला १५० मिलिमीटरच्या आसपास पावसात द्राक्षे काढली. आजही काढतात.

जतची माहेरवाशीण

वाचले आहे मी ते. तिकडचा खडा राखेचा, हलका, आतून पोकळ्यांनी भरलेला. रात्रीची ओल धरतो, दिवसा झाकण होतो. आणि खाली जुनी चांगली माती होती, तिच्यापर्यंत पोचायला त्यांनी खड्डे खणले. आमचा धोंडा भरीव, त्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. उदाहरण तुमच्याच विरोधात जाते, बाब.

मुख्य गोष्ट तर तुम्ही कोणी बोललाच नाही. आटपाडीच्या बाजूला टेंभू उपसा योजनेचे पाणी आले आहे. कृष्णेचे पाणी कराडजवळून उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात. तुमचा १८ मिलिमीटरचा हिशेब पावसावरच्या शेतीचा. ठिबकाने रोज थोडे पाणी दिले की माती किती धरते याला काय अर्थ? मुरूम हा मग गुणच, जादा पाणी साचत नाही, मुळाला हवा मिळते, वाफसा लवकर येतो.

निवृत्त खाणकामगार, डिचोली

ठिबक असेल तर ताईंचे बरोबर. पाटपाणी दिले तर नाही. रेताड मुरमातून जादा पाणी खत घेऊन खाली उतरते आणि उताराच्या तळाला काळ्या रानात जाऊन बाहेर येते. तिथे क्षार फुटतात. कृष्णाकाठी सांगलीकडे जादा पाण्याने खारवट, पाणथळ झालेली काळी राने जाऊन बघा. वरच्याने बाग करायची आणि खालच्याची जमीन जायची, हा प्रश्न मेव्हण्याच्या बांधावर थांबत नाही.

जतची माहेरवाशीण

खालचे रान कोणाचे आहे?

मोरडकर

चुलत सासऱ्यांचे. त्यांच्याशी बोलणे बंद आहे.

सत्तरीकर

मग आधी तीन खड्डे घ्या, एक वर, एक मध्ये, एक बांधाजवळ. प्रत्येकात मुरूम कुठे लागतो आणि कातळ कुठे, ते मोजा. चुनखडी बघा. मधल्या खड्ड्यात मीटरभर मुरूम भुसभुशीत लागला तर डाळिंब लावा, आंबा विसरा. वरच्या खड्ड्यात वितीवर कातळ लागला तर तेवढा भाग गवताला ठेवा. जेसीबी बोलवायचाच असेल तर चर काढायला बोलवा, समपातळीत.

जतची माहेरवाशीण

आणि दगड वेचायचेच, हाताने. ताल घालायला. आठवड्याच्या मजुरीत होते, मी भावाला विचारून दर सांगते.