शाळेत समुपदेशक हवा, की शिक्षकालाच चार दिवसांचं प्रशिक्षण पुरे?

खडूफळा
आमची सातवीतली एक मुलगी दर सोमवारी दुसऱ्या तासाला पोट धरून यायची. दुसरा तास गणिताच्या चाचणीचा. मी ओवा दिला, एकदा घरी पाठवलं, एकदा ‘नाटकं पुरे’ असंही बोलून गेलो. तीन महिन्यांनी वही तपासताना मागच्या पानावर ‘मी नसते तर बरं’ असं बारीक अक्षरात दिसलं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय : १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच, लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. माझं म्हणणं, हा माणूस पाचवीपासून हवा. दहावीच्या तोंडावर हेल्पलाइनचे नंबर छापून काय होणार?

चिंचेखाली
सर, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. आमच्याकडे खेळाचे सर निवृत्त झाले, ती जागा अजून रिकामी आहे. बाप दारू पिऊन घरात गोंधळ घालतो त्या पोराला मैदान हवं, समुपदेशक नको. आधी साध्या जागा भरा. आणि परीक्षेला घाबरणं म्हणजे आजार, हे कधीपासून?

दोन मुलांची आई
मी वेगळ्या कारणाने विरोधात आहे. मुलाच्या शाळेत समुपदेशनाची खोली होती, ऑफिसला लागून. जाणारं पोर सगळ्यांना दिसायचं. मुलांनी तिला ‘मेंटल रूम’ नाव पाडलं. त्यात समुपदेशक मॅडमनी माझ्या मुलाचं बोलणं वर्गशिक्षकांना सांगितलं, मधल्या सुट्टीपर्यंत ते स्टाफरूमभर झालं. त्यानंतर तो घरीसुद्धा बोलेना.

ओसरी
ताई, हे घडायलाच नको होतं. जिवाला धोका असेल तर वेगळं, एरवी मुलाचं बोलणं खोलीबाहेर जाता कामा नये. मी हेच काम करते, म्हणून एक सांगते. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सुमारे ७५ सरकारी शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत एक साधा, तज्ज्ञ नसलेला पण प्रशिक्षण दिलेला माणूस नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिलं, काहींत दोन्ही नाही. भित्तिपत्रक, तक्रार टाकायची पेटी, गटचर्चा, गरज असेल तर एकट्याशी बोलणं, एवढंच काम. शाळेचं वर्ष संपताना नेमलेल्या माणसाच्या शाळांत दादागिरी आणि नैराश्य दोन्ही कमी दिसलं. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत फरक पडला नाही.

शिक्षक वाईट म्हणून नव्हे हो. बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, पोषण आहार, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, मुलांचे अपार ओळख क्रमांक, हे सगळं त्यांच्याकडेच, आणि वर मुलांचं मन. शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मूल मन कसं उघडं करणार?

चिंचेखाली
प्रयोगाला पैसा असतो मॅडम. आमच्या शाळेचा पट ४०. शिवाय ब्रिटनमध्ये ८,००० हून जास्त मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) तासिकांचा मोठा प्रयोग झाला, २०२२ मध्ये निकाल आला : नेहमीच्या शिकवणीपेक्षा फायदा नाही. सरसकट सगळ्यांना ‘मन ओळखा’ शिकवून पोरं उगाच स्वतःला चाचपडत बसतात.

ओसरी
तिथेही तासिका शिक्षकच घेत होते, बरं का. सरसकट तासिका नकोत, यावर मात्र आपलं एकमत. मी दार उघडं ठेवण्याबद्दल बोलतेय. आणि पट ४० असेल तर चार-पाच शाळांत मिळून एक माणूस, वार ठरवून. संगीताचे सर नाही का असे फिरायचे?

खडूफळा
दादा, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी : महाराष्ट्रात १,७६४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, देशात सर्वाधिक. यातली किती पोटं सोमवारी दुखत असतील?

चिंचेखाली
आकडा मोठा आहे, मान्य. पण त्यात कॉलेजची मुलंही आली. पाचवीच्या वर्गाशी तो थेट जोडू नका.

दोन मुलांची आई
सर, त्या मुलीचं पुढे काय झालं? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे ना, फुकट असतो.

खडूफळा
फोन तिच्या वडिलांच्या खिशात असतो, ताई. जिल्हा रुग्णालयात दाखवलं. प्रत्येक वारीला आईची दिवसाची मजुरी बुडते, तिसऱ्या वारीनंतर त्या गेल्या नाहीत. मी चाचणी शुक्रवारी घ्यायला लागलो. आता पोट शुक्रवारी दुखतं.