इतिहासातली गाजलेली मांजरं: खरं किती, रचलेलं किती?

शाईची_दौत
मुलांच्या वाचनालयातल्या भिंतीसाठी सहा तक्ते करायचे आहेत. विषय आहे इतिहासातली मांजरं आणि त्यांची माणसं. एका तक्त्यावर साधारण ८० शब्द आणि एक चित्र मावतं. सध्याची यादी अशी: तीन बुडत्या जहाजांतून वाचलेला ‘अनसिंकेबल सॅम’, ‘ॲमेथिस्ट’ युद्धनौकेवरचा सायमन, शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतली मिसेस चिपी, दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्सचा ट्रिम, अंतराळात गेलेला फेलिक्स आणि २८,८९९ उंदीर मारणारी टाउझर. यातलं छापण्याइतकं पक्कं कोणतं? आणि तपासायला सुरुवात कुठून करायची?

गलबत
सॅमपासून करा, यादीत तोच सगळ्यात कच्चा आहे. गोष्ट अशी सांगतात की २७ मे १९४१ ला जर्मन ‘बिस्मार्क’ बुडाली, तेव्हा ब्रिटिश ‘कॉसॅक’ने त्याला पाण्यातून उचललं. ऑक्टोबरमध्ये ‘कॉसॅक’ बुडाली, नोव्हेंबरमध्ये ‘आर्क रॉयल’ बुडाली, आणि बोका प्रत्येक वेळी वाचला. तिन्ही जहाजं त्याच वर्षी बुडाली, एवढं खरं. पण ‘बिस्मार्क’चे खलाशी उचलले ते ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘माओरी’ या ब्रिटिश नौकांनी. थोडे जर्मन बोटींनी. त्यात ‘कॉसॅक’ नाही. दोन हजारांवर माणसांपैकी जेमतेम सव्वाशेच्या आत वाचली, पाणबुडीच्या संशयाने बचावकार्य अर्धवट सोडावं लागलं, आणि तिथे न थांबलेल्या जहाजाने बोका उचलला म्हणे! त्याच्या नावाने फिरणाऱ्या फोटोंतही वेगवेगळी मांजरं दिसतात. ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात त्याचं चित्र आहे, पण त्यावरून गोष्ट प्रसिद्ध होती एवढंच ठरतं.

तपासण्याची रीत हीच. आधी जहाजांच्या तारखा आणि हालचाली लावून बघा, मग त्याच काळात लिहिलेली रोजनिशी किंवा पत्र शोधा, फोटो सगळ्यात शेवटी.

या कसोटीला सायमन पुरेपूर उतरतो. २० एप्रिल १९४९ ला चीनच्या यांगत्से नदीत ‘ॲमेथिस्ट’वर तोफा डागल्या गेल्या. कॅप्टन प्राणघातक जखमी झाला, सायमनला गोळ्याचे तुकडे लागले आणि त्याच्या मिशा जळाल्या. जहाज जुलैअखेरपर्यंत अडकून पडलं होतं. अन्न मोजून वाटायचं आणि त्यातच उंदीर माजलेले, म्हणून बरा झालेला बोका तिथे नुसता लाडका नव्हता, कामाचा होता. प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालेलं हे एकमेव मांजर. इंग्लंडला पोचल्यावर विलगीकरणात असतानाच तो २८ नोव्हेंबर १९४९ ला गेला, त्यामुळे ‘त्याने पदक गळ्यात घातलं’ असं लिहू नका.

ध्रुवतारा
ट्रिम निर्धास्त घ्या. त्याच्याबद्दल खुद्द फ्लिंडर्सने लिहून ठेवलंय, तेही १८०९ मध्ये, मॉरिशसच्या कैदेत असताना. ट्रिम १७९९ मध्ये जहाजावरच जन्मला. रंग काळा, पंजे पांढरे. ऑस्ट्रेलियाच्या प्रदक्षिणेत तो बरोबर होता, १८०३ च्या जहाजफुटीतून वाचला आणि पुढे मॉरिशसमध्ये नाहीसा झाला. चित्रासाठी सिडनीच्या मिचेल लायब्ररीच्या खिडकीच्या कट्ट्यावरचा त्याचा पुतळा वापरा.

मिसेस चिपी मात्र बोका होता, तक्त्यावर ‘ती’ नको. सुतार हॅरी मॅकनिशचा तो बोका. ‘एन्ड्युरन्स’ बर्फात चिरडली गेल्यावर २९ ऑक्टोबर १९१५ ला शॅकल्टनच्या हुकमाने त्याला आणि काही कुत्र्याच्या पिल्लांना गोळी घातली. पुढे याच मॅकनिशने ‘जेम्स केअर्ड’ होडीच्या कडा उंच केल्या आणि वरून कॅनव्हासचं आच्छादन घातलं, म्हणून ती साऊथ जॉर्जिया बेटापर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर टिकली. तरी पोलर मेडल, म्हणजे ध्रुवीय मोहिमांसाठीचं ब्रिटिश पदक, त्याला मिळालं नाही. ‘मांजरावरून भांडण झालं म्हणून पदक नाकारलं’ असं सर्रास छापतात, ते टाळा. बर्फावर त्याने हुकूम मानायला नकार दिला, ते प्रकरण वेगळं. वेलिंग्टनमध्ये त्याच्या कबरीवर २००४ मध्ये बोक्याचा कांस्यपुतळा बसवला.

गणिती_बोका
‘फेलिक्स’ खोडा. १८ ऑक्टोबर १९६३ ला फ्रेंच शास्त्रज्ञांनी अल्जीरियातल्या हमागिर तळावरून सोडली ती मांजरी होती, फेलिसेट. चूक इतकी पसरली की काही देशांच्या टपाल तिकिटांवरही फेलिक्सच आहे. व्हेरोनिक रॉकेटने ती दीडशे किलोमीटरच्या वर गेली आणि पाव तासाच्या आत पॅराशूटने जिवंत परतली. मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते, आणि सुमारे दोन महिन्यांनी शवविच्छेदनासाठी तिला मारलं. मुलांसाठी असलं तरी हे वाक्य गाळू नये, असं माझं मत.

टाउझरचा आकडा विक्रमांच्या पुस्तकातला आहे, पण मोजलेला नाही. थोड्या दिवसांच्या निरीक्षणाची सरासरी आयुष्यभराला लावली आहे. स्कॉटलंडच्या ग्लेनटरेट डिस्टिलरीतली तिची वर्षं १९६३ ते १९८७, म्हणजे भागाकार करता रोज ३.३ उंदीर. ‘अंदाजे’ हा शब्द घाला, आणि नेमका आकडा काढून सरळ ‘सुमारे २९ हजार’ लिहा.

शाईची_दौत
उत्तम. मग सॅम काढून टाकू? त्याच्या जागी कोण?

गणिती_बोका
चेस्टर. १९७५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने निबंध लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ म्हणून. एकच लेखक असेल तर हे चालणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवण्यापेक्षा त्यांनी आपल्या सयामी मांजराला ‘एफ. डी. सी. विलर्ड’ नावाने सहलेखक केलं. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला, कुणालाही काढून बघता येतो.

गलबत
चेस्टर घ्याच. पण सॅमही ठेवा, ‘खरं की खोटं?’ असा सातवा तक्ता करून. डावीकडे गोष्ट, उजवीकडे ‘बिस्मार्क’चे खलाशी उचलणाऱ्या जहाजांची नावं. ‘कॉसॅक’ त्यात आहे का, ते मुलांनाच शोधू द्या.