सोसायटीतली दिवाळी : फटाके, मांडव आणि मीटर रूम – मदत हवी आहे

नाइलाजाने सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमची सात मजली, ४२ बिऱ्हाडांची सोसायटी आहे. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय आणि दिवाळी तोंडावर आलीय.

गेल्या लक्ष्मीपूजनाला कुठूनतरी सुटलेला बाण आमच्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत घुसला. दोरीवरची नायलॉनची साडी पेटली आणि तिचे वितळलेले थेंब खालच्या जुन्या गाद्यांवर पडायला लागले. घरात माणसं होती म्हणून दोन बादल्या पाण्यावर भागलं. तेवढ्यात दोन पोरं जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर आणायला धावली. त्याच्यापुढे सायकल उभी, सायकलीला साखळी, आणि सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात. हातात आला असता तरी उपयोग नव्हता.

यंदा पाडव्याला फराळाचा कार्यक्रम स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत ठरलाय. मांडववाला साटीनचे पडदे आणि हॅलोजन लावणार म्हणतो. स्टेजची जागा नेमकी मीटर रूमच्या दाराला लागून, आणि पलीकडच्या भिंतीला चार-पाच इलेक्ट्रिक स्कूटर एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंगला असतात. मुलं फटाके फाटकाच्या आत, दुचाक्यांच्या रांगेशेजारी उडवतात, कारण बाहेर रिक्षांची वर्दळ. गच्चीवरून बाण सोडणारेही आहेत, म्हणून कमिटीतल्या एका काकांचं मत : गच्चीला चार दिवस कुलूप ठोका.

वायरिंगचं काय पाहायचं, फटाक्यांना जागा कुठली द्यायची, गच्चीचं काय करायचं, आणि कुणी भाजलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे सांगा. ‘फटाकेच उडवू नका’ हा सल्ला कृपया नको. तो सर्वसाधारण सभेत मांडून झालाय, आणि त्यानंतर माझ्याशी लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही.

वायरमन नाशिककर

आधी मीटर रूम. स्टेज तिथून हलवा, बाकी सगळं नंतर. काही झालं तर मेन बंद करायला त्या दारापर्यंत माणूस पोचला पाहिजे, आणि तुम्ही दाराला स्टेज आणि पडदा लावताय. आत जुने फलक, रंगाचे डबे, झाडू ठेवलेले असतील. बहुतेक सोसायट्यांत असतात. ते आजच बाहेर काढा.

हॅलोजन नको म्हणून ठणकावून सांगा. एक हॅलोजन ५०० वॉटचा. सोळा अँपिअरच्या पॉइंटवर साधारण साडेतीन हजार वॉट चालतात, म्हणजे सात हॅलोजनमध्ये तो भरला. वर साउंड आणि कॉफीचं मशीन लावलं की एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडते. मग कुणीतरी हुशार माणूस जास्त अँपिअरची एमसीबी बसवतो. एमसीबी पडत नाही, आतली वायर तापते. आमच्या धंद्यात निम्म्या आगी या हुशारीच्या. एलईडी फ्लडलाइट लावले तर तोच उजेड पाचव्या हिश्श्याच्या लोडात मिळतो आणि पडद्याशेजारी एवढी भट्टीही राहत नाही.

मांडवाची लाइन ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच (करंट गळला की लाइन तोडते ती) घ्या. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते मांडववाल्यासमोर दाबायचं. पडली तर ठीक, नाही पडली तर बदलून आण म्हणायचं. वायरचे जोड जमिनीवर नकोत, नुसत्या चिकटपट्टीचे तर नकोतच. गुंडाळी केलेली एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तशीच ठेवली तर आतल्या आत तापते.

पडद्यांबद्दल एकच सांगतो. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या बक्षीस समारंभात मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात बरीचशी मुलं. सिंथेटिक छत पेटून लोकांच्या अंगावर आलं आणि बाहेर पडायला वाट पुरली नाही. तुमचा कार्यक्रम लहान आहे, पण साटीन तसंच पेटतं.

सोलापूरची सिस्टर

पहिल्या पाच मिनिटांचं मी सांगते. भाजलं की नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत थांबतात आणि टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काहीही लावून आणतात. मग आम्हाला आधी ते धुवावं लागतं, आणि पोर दुसऱ्यांदा किंचाळतं. अंगठी, बांगड्या, कडं सूज चढायच्या आत काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात आणा. डोळ्यात काही उडालं तर चोळू द्यायचं नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला की माणूस धावतो, आणि धावलं की ज्वाळा वाढतात. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, हे मुलांकडून एकदा खेळ म्हणून करून घ्या.

आता एक गोष्ट जी कुणी मनावर घेत नाही. दिवाळीत आमच्याकडे तळपाय भाजलेली लहान मुलं फार येतात. विझलेल्या फुलबाजीची तार काळी दिसते, पण चटका द्यायला पुरेशी तापलेली असते, आणि पोरं अनवाणी. पाण्याची एक बादली फक्त फुलबाज्यांच्या तारांसाठी ठेवा. आणि न पेटलेल्या भुईनळ्यावर वाकून बघणारे बाबालोक आवरा. हात आणि चेहरा दोन्ही त्यातच जातं.

कार्बाइड गन कुणाच्या हातात दिसली तर सरळ काढून घ्या. पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून वायूचा स्फोट करतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये कितीतरी मुलांच्या डोळ्यांना त्यापायी जबर इजा झाली.

ठणठणपाळ

दिवाळी आहे की आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर? आमच्या लहानपणी सुतळी बॉम्ब हातात पेटवून फेकायचो. काही झालं नाही.

सोलापूरची सिस्टर

ज्यांना झालं ते इथे टाइप करत नाहीत, दादा.

माजी चेअरमन, कोथरूड

सेक्रेटरीसाहेब, सहानुभूती. नोटीस लावून कुणी ऐकत नाही, जागा आखून दिली की ऐकतात. आम्ही दुचाक्या त्या चार संध्याकाळी मागच्या बाजूला घेतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत चुन्याने चौकोन मारतो. फटाके त्याच्या आत. शेजारी वाळूच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन, आणि बागेचा पाइप नळाला जोडून तयार. रोज दोन मोठी माणसं तिथे खुर्च्या टाकून बसतात. ती कामाची माणसं हवीत, मोबाइलमध्ये डोकं घालणारी नकोत. नववी-दहावीच्या मुलांना बादल्यांचा ताबा द्या, ती लहानांना तुमच्यापेक्षा कडक दम देतात.

वेळेवरून वाद होणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ आहे, फक्त हरित फटाक्यांना परवानगी आहे आणि माळांवर बंदी आहे. निकालाचा उल्लेख करून पोलिसांचा यंदाचा आदेश फलकावर लावा, म्हणजे तुमच्याशी भांडण होत नाही. हरित म्हणजे धूर कमी, आग तीच, हेही लिहा.

गच्चीला कुलूप अजिबात नको. जिन्यात धूर भरला तर तो वर चढतो आणि दार बंद असेल तर वरच्या मजल्यांवर कोंडतो. नुसती कडी लावा आणि संध्याकाळी वर एक माणूस बसवा. बाल्कनीतले कपडे आणि गाद्या त्या चार दिवसांत सहा वाजता आत. बाण बाहेरूनही येतो, हे तुम्ही पाहिलंच आहे.

सिलिंडरबद्दल : २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तुमच्या फाइलमध्ये जुलैचा आहे का बघा.

नाइलाजाने सेक्रेटरी

सगळ्यांचे आभार. फाइल बघितली, शेवटचा बी फॉर्म दोन वर्षांपूर्वीचा आहे. एजन्सीला बोलावलंय, सिलिंडर भरून येतायत. स्टेज फाटकाकडे हलवलं, मांडववाला हॅलोजनऐवजी एलईडीला तयार झाला. सायकलवाल्याने साखळी काढली, सायकल अजून तिथेच.

दोन गोष्टी अडल्यात. स्कूटरवाले म्हणतात, चार्जिंग बंद केलं तर सकाळी कामावर कसं जायचं? आणि साटीनला पर्याय म्हणून सुती पडदे मांडववाल्याकडे नाहीतच.

वायरमन नाशिककर

चार्जिंग बंद करू नका, वेळ बदला. संध्याकाळी सहा ते अकरा प्लग काढलेला, फटाके आणि कार्यक्रम आटोपले की लावायचा. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कायमचा काढा. प्रत्येक स्कूटरला भिंतीवर स्वतंत्र पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी द्या, खर्च स्कूटरवाल्यांत वाटा. पाडव्याच्या आत होण्यासारखं काम आहे.

आणि मीटर रूममध्ये धूर दिसला तर पाणी मारायचं नाही. पोचता आलं तर मेन बंद, मग पावडरचा सिलिंडर, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०१ लावायचा. कोण काय करणार ते नावानिशी ठरवून ठेवा, नाहीतर तिघं फोन लावतात आणि मेनकडे कुणीच जात नाही.

माजी चेअरमन, कोथरूड

पडदे हवेत कशाला? स्टिल्टला वर स्लॅब आहे, बाजूला भिंती आहेत. झेंडूच्या माळा सोडा, आंब्याची तोरणं बांधा, रांगोळी दणदणीत काढा. मांडववाल्याचं बिलही निम्म्यावर येईल, आणि ते सभेत सांगितलंत तर लिफ्टमध्ये लोक बोलायला लागतील.