यात्रेचे दोन दिवस दारूची दुकानं बंद ठेवायची तर अर्ज नेमका कुणाकडे करायचा?

यात्राकमिटी_खटाव:

नमस्कार मंडळी. खटाव तालुक्यातलं आमचं गाव, वस्ती साडेतीन हजारांची. चैत्रात ग्रामदैवताची यात्रा भरते. पहिल्या रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि रात्री तमाशा. यंदा कमिटीत माझं नाव घातलंय आणि परवानग्यांची फाईल माझ्याकडे आलीय.

गेल्या वर्षी छबिना वेशीतून आत वळला तेव्हा पिऊन आलेली दोन टोळकी पालखीपुढं नाचण्यावरून भिडली. पुढं मारामारी आणि मागून माणसांचा रेटा. माझे चुलते देवळाच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. वर्ष होत आलं, अजून काठीशिवाय चालता येत नाही त्यांना. त्या पायरीवर त्यांच्याशेजारी पोर कडेवर घेतलेली बाई उभी होती. ते आठवलं की मला अजून झोप येत नाही.

गावात देशी दारूचं एक दुकान आहे, देवळापासून दीडशे पावलांवर. फाट्यावर दोन परमिट रूम. दोन दिवस हे सगळं बंद ठेवावं असा ग्रामसभेनं ठराव केलाय. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, "लेखी कशाला, आम्ही तोंडी सांगतो त्यांना." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले ठराव दाखवा, पुरे झालं. आणि देशी दुकानवाला सरळ म्हणतो, ठरावावर मी शटर ओढणार नाही. नेमकं खरं काय? यात्रेला पाच आठवडे राहिलेत.

निवृत्त_अव्वलकारकून:

दादा, दुकानदार बरोबर सांगतोय. ठराव म्हणजे गावाची इच्छा, तो आदेश होत नाही. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा लागतो आणि तो लेखीच असावा लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949, कलम 142. (जुनी माणसं अजून मुंबई दारूबंदी कायदा म्हणतात, कायदा तोच.) सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटलं तर जिल्हाधिकारी परवानाधारकाला ठरावीक वेळेपुरतं किंवा ठरावीक मुदतीपुरतं दुकान बंद ठेवायला लेखी कळवू शकतात. गणेश विसर्जनाला दुकानं बंद राहतात ती याच कलमाखाली.

माझी बरीच नोकरी कचेरीच्या गृह शाखेत गेली, म्हणून कागद कसा फिरतो ते सांगतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रत राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना, तहसीलदारांना आणि तुमच्या पोलीस ठाण्याला. ठराव जोडाच, त्यानं वजन येतं. पण खरं वजन पोलिसांच्या अहवालाला. गेल्या वर्षी मारामारीची नोंद ठाण्यात झाली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख अर्जात घाला. "शांतता भंग होण्याची शक्यता" असं मोघम लिहिलेले अर्ज माझ्या टेबलावर ढिगानं यायचे. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण जखमी झालं, हे लिहिलेला अर्ज हातात आला की टिपणी लिहिणाऱ्याचं काम निम्मं होतं. चुलत्यांचं डिस्चार्ज कार्ड जोडा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पाच आठवडे पुरेसे आहेत, दोन राहिले असते तर मीही छातीठोक सांगितलं नसतं.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. दंगल किंवा बेकायदा जमाव होण्याच्या बेतात असेल, तर जागेवर हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस अधिकारी तिथल्या तिथे दुकान बंद करायला सांगू शकतो. दोघांपैकी कुणीच नसेल तर परवानाधारकानं स्वतःहून बंद करायचं. बंदोबस्ताच्या बैठकीत हे आधी बोलून ठेवा.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत सुमारे 300 माणसं गेली. आपल्याच जिल्ह्यात. त्या रात्री मी कचेरीत फोनवर होतो. माणसं नावं सांगायची, मी यादीत शोधायचो, आणि नाव नसलं की पलीकडचा आवाज क्षणभर हलका व्हायचा. तिथं घात केला तो नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांनी, अरुंद वाटेनं, दोन्ही अंगाच्या दुकानांनी आणि मग लागलेल्या आगीनं, फुटलेल्या सिलिंडरांनी. म्हणून दारू बंद करा, जरूर करा, पण वेशीपासून देवळापर्यंतची वाट टेप घेऊन मोजा. आत जायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी आहे का? नारळ कुठं फोडतात? वडापावच्या गाड्यांचे सिलिंडर कुठं उभे असतात? आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 खाली जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात, तेव्हा दारूबंदीचा अर्ज आणि गर्दीच्या नियोजनाचा हातानं काढलेला नकाशा एकदमच द्या. 108 ची गाडी उभी राहील ती जागा नकाशावर लाल पेनानं दाखवा.

परमिटरूम_फलटणरोड:

मी या धंद्यातला, एफएल-3 म्हणजे परमिट रूमचा परवाना वडिलांपासून आहे. दुकानदाराची बाजूही ऐका. आम्ही वर्षाची परवाना फी आगाऊ भरतो. कुणी फोनवर "आज बंद ठेव" म्हणालं आणि मी ठेवलं, तर उद्या दुसरा कुणी फोन करेल. लेखी आदेश आला की मी तासाभरात कुलूप लावतो. मतदानाआधीचे 48 तास, 2 ऑक्टोबर, कधी कुरकुर केली नाही. मार्च 2020 मध्ये बंद झालं, मे महिन्यात उघडलं तेव्हा एका वेळी पाचच गिऱ्हाईक आणि दोघांत सहा फूट, हेही पाळलं. खडूनं गोल मीच आखले होते.

विनंती एवढीच, की दोन्ही दिवस पूर्ण बंद मागण्याआधी विचार करा. छबिन्याची संध्याकाळ आणि तमाशाची रात्र एवढीच वेळ मागा. परवान्याचं दुकान बंद झालं की दुचाकीच्या डिकीतून आणि उसाच्या फडातून माल सुरू होतो. तो कुठून येतो, त्यात काय असतं, कुणाला ठाऊक नसतं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं.

वाईची_लेक:

परमिट रूमवाल्या भाऊंचं लेखी आदेशाचं म्हणणं पटलं, अर्ध्या वेळेचं नाही. संध्याकाळी बंद होणार हे कळलं की दुपारीच पिऊन ठेवतात. आमच्याकडे हेच झालं. दिवस पूर्ण मागा दादा. आणि डिकीतून विकणाऱ्यांसाठी त्याच दारूबंदी कायद्यात बेकायदा विक्रीचं कलम 65(ई) आहे. पोलीस पाटलांना नावं आधी द्या, सगळ्या गावाला माहीत असतात ती.

आमच्या गावानं पुढचं पाऊल उचललं, आडवी बाटली, म्हणजे बायांच्या मतदानानं गावातलं दुकानच बंद करणं. त्याची पद्धत 2008 च्या शासन आदेशात आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्या मतांच्या नव्हे. इथंच दम लागतो. यादीतल्या कितीतरी बाया मुंबईला, पुण्याला. जी आली नाही, तिचा आकडा उभ्या बाटलीच्याच कामी येतो. पहिल्या खेपेला आम्ही 41 मतांनी हरलो. दुसऱ्या खेपेला माझ्या सासूबाईंनी, वय 74, घाटकोपरच्या चाळीत जाऊन आमच्या गावच्या बायांना एसटीत बसवून आणलं. दुकान गेलं.

तुमच्या पाच आठवड्यांत हे होणार नाही, मला माहीत आहे. पण यात्रेला सगळ्या लेकी माहेरी आणि चाकरमानी सुना गावी येतात. सह्या तेव्हाच गोळा करा. मतदार सुनाच, माहेरवाशिणींची नावं सासरच्या यादीत असतात, हे ध्यानात ठेवा.

यात्राकमिटी_खटाव:

सगळ्यांचे मनापासून आभार. अव्वल कारकून काका, काल रात्री आम्ही चौघं टेप घेऊन गेलो. वेशीच्या आत वाट अकरा फूट आहे. यात्रेत दोन्ही बाजूंनी खेळण्यांची आणि मेवामिठाईची दुकानं लागली की साडेचार फूट उरते. साडेचार! त्यातून पालखी, वाजंत्री आणि सगळा गाव. चुलत्यांना सांगितलं तर गप्पच झाले. एवढी वर्षं आम्ही त्या जागेचे पैसे घेतो दुकानदारांकडून, कमिटीच्या वहीत ते उत्पन्न म्हणून लिहिलेलं असतं. यंदा एका अंगाची सगळी दुकानं शाळेच्या पटांगणात हलवायची, हे परवा बैठकीत मी मांडणार आहे. विरोध होईल.

दोन्ही दिवस पूर्ण बंद मागायचं ठरवलंय. सुनांच्या सह्यांचं बायकोनं मनावर घेतलंय.

एक राहिलं. छबिन्याला आमच्याकडे शोभेची दारू उडवतात, दीपमाळेजवळ. त्याचा अर्ज यातच करायचा का?

निवृत्त_अव्वलकारकून:

नाही, वेगळा. नाव एक असलं तरी कायदा दुसरा आहे. शोभेच्या दारूला स्फोटक नियम 2008 लागतात. उडवणारा परवानाधारकच हवा, गावातला हौशी पोरगा नको. 10 एप्रिल 2016 ला केरळात पुट्टिंगल देवळात शंभरावर माणसं गेली. प्रशासनानं परवानगी नाकारली होती, तरी आतषबाजी झाली. नकाराचा कागद कुणाला वाचवत नाही.

दीपमाळ सोडा. कुस्त्यांचं मैदान मोकळं असेल तर तिथं घ्या, बाजूला पाण्याचा टँकर भरून ठेवा आणि माल देवळाच्या खोलीत एक रात्रही ठेवू नका. आणि ते साडेचार फूट अर्जात जसंच्या तसं लिहा.