विषय: १३ डिसेंबरचा नाताळ मेळावा

सचिव:
नमस्कार मंडळी, नाताळ स्नेहमेळावा शनिवारी १३ डिसेंबरला ठरवतोय. हॉल मिळतोय, केक सांगितलाय, सांताक्लॉजही तयार आहे. कुणाची हरकत असल्यास लवकर कळवा.

खानापूरची ताई (सध्या माहेरी):
सचिवसाहेब, हरकत आहे. मेळाव्याला नाही, तारखेला.

आम्हा कॅथलिकांचा नाताळ २५ ला लागतो. तोवर आगमनकाळ, म्हणजे प्रभूच्या येण्याची वाट बघत तयारी करायचा काळ. यंदा तो रविवारी ३० नोव्हेंबरला सुरू झाला, आणि चर्चचं नवं वर्षही त्याच दिवशी. या चार रविवारांत फादरांची वस्त्रं जांभळी असतात, फक्त तिसऱ्याला गुलाबी चालतात. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. आपण १३ लाच सगळं उरकून टाकलं तर २५ ला काय करायचं?

इथं आईकडे सुगी संपत आलीय. पोरांनी येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी डब्यांत नाचणी पेरलीय, नाताळापर्यंत हिरवीगार होते. गव्हाणी मात्र रिकामी. न सांगता कुणाचं काम केलं तर तिच्यात पिंजराची एक काडी टाकायची, असा आमच्या घरचा नियम. काल धाकट्या भाच्यानं आजीचे पाय चेपले आणि मूठभर पिंजर घेऊन आला. आईनं मूठ उघडायला लावली, एकच काडी ठेवू दिली. बाळ येशूची मूर्ती कपाटात आहे. २४ च्या मध्यरात्री मिस्साहून आल्यावरच ती बाहेर येईल.

टिळकवाडीचे काका:
म्हणजे हा तुमचा चातुर्मासच की गं! मग मटण बंद? कॅम्पातल्या मित्राकडे मी डिसेंबरात सोरपोतेल, ते डुकराच्या मांसाचं झणझणीत कालवण, हाणल्याचं आठवतंय.

खानापूरची ताई:
काका, तुमच्या मित्रानं काही पाप केलेलं नाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाइतका हा काळ कडक नसतो. इथं पोटापेक्षा मन आवरायचं. नाताळाआधी कुमसार करायचा, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायचं. आई म्हणते, त्या रांगेत उभं राहण्याआधी ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या दारात जाऊन या. शेजारच्या घराशी आमचं बांधावरून वाकडं आहे. परवा आई स्वतः गेली, चहा पिऊन आली. बांधाचा विषय दोघींनी काढलाच नाही म्हणे. मला तर ते कुमसारापेक्षा अवघड वाटलं.

आणि एक. १६ डिसेंबरपर्यंतची मिस्सातली बायबलची वाचनं बाळाच्या जन्माची नसतातच मुळी. प्रभू पुन्हा येईल, जागे राहा, वाट सरळ करा, असा यशया संदेष्ट्याचा आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सूर असतो. जन्माकडे वळतात ते १७ पासून २४ पर्यंत. १३ ला आपण जिंगल बेल वाजवणार तेव्हा चर्चमध्ये अजून योहानच गरजत असणार.

निपाणीकर:
ताई, पटतंय, पण व्यवहारही बघा. २० नंतर निम्मे लोक गावाला जातात. सगळं जग डिसेंबरातच साजरं करतं. आपल्या मंडळात कॅथलिक घरं किती? मोजून चार-पाच.

खानापूरची ताई:
चार-पाच घरांसाठीच तर नाताळ ठेवता ना, दादा? मग १३ ला खुशाल जेवण ठेवा, त्याला नाताळ म्हणू नका. मी असते तर वाढायला आले असते. नाहीतर जानेवारीत घ्या. आमचा नाताळचा काळ यंदा ११ जानेवारीच्या रविवारपर्यंत चालतो, तुमचं जग तोवर केक विसरलेलं असतं. येताना घरचे कुलकुल आणते, नारळाच्या दुधात मळून तळलेला नाताळचा गोड फराळ. आत्ता करून डब्यात भरतोय, पण २५ च्या आधी डबा उघडायचा नाही अशी आईची ताकीद आहे.

टिळकवाडीचे काका:
कुलकुल असतील तर माझं मत जानेवारीला.

सचिव:
विचारलं. त्याच भाड्यात ३ जानेवारीचा शनिवार मिळतोय, ठेव तिकडे वळवून घेतो. १३ चा मेळावा रद्द. केकवाल्याला सांगितलं, तो कुरकुरला पण तयार झाला. अडचण एकच: सांताक्लॉज होणारे गृहस्थ १ तारखेला पुण्याला निघताहेत. दुसरं कुणी तयार आहे का? पोशाख एकच आहे आणि तो पोटावर घट्ट बसतो, तेव्हा काकांनी नाव देऊ नये.