आर्थर अलेक्झांडर : मोठ्या गायकांना ठाऊक असलेला, श्रोत्यांना अनोळखी राहिलेला

मारवा (प्रश्न)

बीटल्सच्या १९६३ सालच्या पहिल्या अल्बममधले, जॉन लेननने गायलेले ‘अ‍ॅना’ आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. हे गाणे मुळात अलाबामा राज्यातील आर्थर अलेक्झांडर या कृष्णवर्णीय गायकाने लिहिले आणि १९६२मध्ये गायले होते, याची मात्र फार थोड्यांना कल्पना असते. त्याचेच ‘यू बेटर मूव्ह ऑन’ रोलिंग स्टोन्सने १९६४मध्ये गायले आणि ‘सॅली सू ब्राउन’ बॉब डिलनने १९८८च्या अल्बमसाठी निवडले. या तिघांनीही ज्याची गाणी गायली असा दुसरा गीतकार शोधून सापडणे कठीण आहे. सुरुवातीच्या काळात आम्हाला आर्थर अलेक्झांडरसारखे व्हायचे होते, अशा आशयाचे पॉल मॅकार्टनीने पुढे सांगितलेही होते.

हे कळल्यावर मी मूळ ध्वनिमुद्रणे ऐकली. प्रथम ऐकताना आवाज साधा, जवळजवळ बोलल्यासारखा वाटतो. ओटिस रेडिंगच्या गाण्यातला आर्त पुकार त्यात नाही आणि सोल या कृष्णवर्णीयांच्या भावोत्कट संगीतातून आपण ज्या आवेगाची अपेक्षा करतो तोही नाही. या मोठ्या मंडळींना त्या आवाजात नेमके काय दिसले असावे? आणि इतके चाहते असूनही स्वतः अलेक्झांडर मागे का राहिला? जाणकारांनी कृपया लिहावे.

लोलक

आपण ज्याला साधेपणा म्हणता, त्याचेच या मंडळींना आकर्षण होते असे माझे मत आहे. अलेक्झांडर ज्या माणसाची गाणी लिहितो तो माणूस आधी पाहावा. ‘अ‍ॅना’मधला प्रियकर तिला अडवत नाही, अंगठी परत दे आणि त्याच्याकडे खुशाल जा, एवढेच म्हणतो. ‘गो होम गर्ल’मधला तरुण मित्राच्या प्रेयसीवर जीव जडलेला असूनही तिलाच घरी परत जायला सांगतो. ‘यू बेटर मूव्ह ऑन’मध्ये एक गरीब मुलगा श्रीमंत प्रतिस्पर्ध्याशी बोलत आहे, आणि तेही आवाज न चढवता; तुझ्याकडे तिला देण्यासारखे पुष्कळ आहे हे तो आधी मान्य करतो आणि मग सौजन्य न सोडता त्याला वाट धरायला सांगतो. त्या सौजन्यात जी धमकी आहे ती ओरडून आली असती तर निम्मी उरली असती.

ही सगळी माणसे कंट्री या अमेरिकेतील ग्रामीण गोऱ्यांच्या संगीतातली आहेत. घर, लग्न, अब्रू, शेजारी, सोडून जाणारी बाई आणि तिला जाऊ देणारा पुरुष हा त्या संगीताचा नेहमीचा संसार आहे, आणि एका प्रसंगाची गोष्ट तीन मिनिटांत सरळ सांगून टाकायची ही त्याची शिस्त आहे. अलेक्झांडरने ती शिस्त जशीच्या तशी घेतली आणि तिच्याखाली कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज संगीताचा ठेका ठेवला. ओळ संपताना त्याचा स्वर किंचित खाली झुकतो, इतकीच त्याची हरकत म्हणावी. आपल्याकडच्या चांगल्या भावगीत-गायकाला शब्दावर किती वजन टाकायचे याचे जे भान असते, तेच मला त्याच्यात दिसते.

लेननशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. बीटल्सनी चाल, ठेका, इतकेच काय पियानोवरची ती छोटी सुरावटसुद्धा सोडली नाही. जॉर्ज हॅरिसनने ती गिटारवर वाजवली. पण आयुष्यभर आपल्यावर प्रेम करणारी मुलगी मिळालीच नाही, अशा अर्थाचा जो मधला भाग आहे, तिथे लेननचा आवाज फाटतो आणि वेदना उघडी पडते. अलेक्झांडर त्याच जागी स्थिर राहतो, कारण त्याच्या गाण्यातल्या माणसाला हे पूर्वीपासूनच माहीत आहे. दोन्ही गायने थोर आहेत, परंतु पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटते ते मला मूळचेच.

जुनी_तबकडी

लोलक यांच्या विवेचनाशी सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गळ्यापेक्षा व्यवसायात शोधावे लागेल.

अलेक्झांडरचा जन्म १९४०चा, अलाबामातील शेफील्डचा. टेनेसी नदीकाठी फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही चार गावे एकमेकांना लागून आहेत. फ्लॉरेन्समध्ये टॉम स्टॅफर्ड नावाच्या गृहस्थाने औषधांच्या दुकानाच्या माडीवर एक लहानसा स्टुडिओ मांडला होता, आणि डॅन पेन, स्पूनर ओल्डहॅम, डॉनी फ्रिट्स ही पुढे नावारूपाला आलेली गोरी मुले तिथे जमत असत. हॉटेलात सामान उचलण्याचे काम करणारा अलेक्झांडरही त्यांच्यात होता. वंशभेदाच्या कायद्यांखाली जगणाऱ्या त्या काळच्या अलाबामात ही मैत्री मुळीच सामान्य नव्हती. १९६०मध्ये ‘जून अलेक्झांडर’ या नावाने त्याची पहिली तबकडी आली आणि विरून गेली.

१९६१मध्ये रिक हॉल या निर्मात्याने तंबाखूच्या एका जुन्या गोदामात ‘यू बेटर मूव्ह ऑन’ ध्वनिमुद्रित केले. डेव्हिड ब्रिग्ज, नॉर्बर्ट पुटनम, जेरी कॅरिगन हे वादक तेव्हा अगदी कोवळ्या वयाचे होते. हॉल ती टेप घेऊन नॅशव्हिल या संगीत-व्यवसायाच्या शहरात दारोदार फिरला, बऱ्याच ठिकाणांहून नकार घेऊन आला आणि अखेर तिथल्या नोएल बॉलच्या मध्यस्थीने डॉट या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने ती काढली. १९६२मध्ये हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत २४व्या क्रमांकावर पोहोचले. मसल शोल्समधून निघालेले हे पहिले यशस्वी गाणे होय. त्याच्या पैशांतून हॉलने आपल्या फेम स्टुडिओची नवी वास्तू उभारली, आणि १९६७मध्ये अरेथा फ्रँकलिनने जिथे गाऊन इतिहास घडवला ती हीच वास्तू.

खरी मेख पुढे आहे. स्टुडिओ उभा राहिला, पण गायक हॉलच्या हातून गेला. बॉलने त्याला नॅशव्हिलमध्ये गायला लावले, मागे व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आला, आणि अल्बम भरण्यासाठी दुसऱ्यांची चालती गाणीही त्याच्याकडून गाऊन घेण्यात आली. डॉटचा मोठा गायक म्हणजे गोरा पॅट बून. कृष्णवर्णीयांची गाणी गोऱ्या गायकाच्या आवाजात विकून ती मोठी झाली होती, तेव्हा अशा गायकाचे काय करायचे हे तिला कळले नसल्यास नवल नाही. ‘अ‍ॅना’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत १०व्या क्रमांकावर चढले, पण मुख्य यादीत ६८च्या पुढे सरकले नाही. कंट्री वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांचे दार तेव्हा काळ्या गायकाला बंद होते, आणि इतर केंद्रांना हा आवाज जरा जास्तच खेडवळ वाटत असावा. रे चार्ल्सने १९६२मध्येच कंट्री गीतांचा अल्बम काढून मोठे यश मिळवले हे खरे, परंतु तो आधीच तारा होता. अलेक्झांडरला ते कवच नव्हते.

आणखी एक योगायोग इथे सांगावासा वाटतो. डिसेंबर १९६९मध्ये रोलिंग स्टोन्सने ‘ब्राउन शुगर’ आणि ‘वाइल्ड हॉर्सेस’ ज्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली, तो शेफील्डमध्येच, म्हणजे अलेक्झांडरच्या जन्मगावीच आहे.

दक्षिणवारा

कंपनीवर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. १९६५नंतर सोल संगीताची रीतच बदलली. ब्रास वाद्ये पुढे आली, ठेका जड झाला, आणि विल्सन पिकेटसारखा गायक स्वर फोडून गाऊ लागला तेव्हा श्रोत्यांनाही तेच हवे झाले. लोलक ज्या संयमाचे कौतुक करतात तो त्या गदारोळात ऐकू येणे शक्यच नव्हते. उत्तम निर्माता मिळाला असता तरी अलेक्झांडर त्या लाटेवर स्वार झाला असता असे मला वाटत नाही, आणि झाला असता तर आज आपण त्याच्याविषयी बोलत नसतो.

दैवाचा भागही मान्य करावा लागेल. १९७२च्या अल्बममध्ये त्याने डेनिस लिंडेचे ‘बर्निंग लव्ह’ एल्विस प्रेस्लीच्या आधी गायले. त्याच वर्षी एल्विसने तेच गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. तरीही हे गाणे अलेक्झांडरचे नव्हेच. त्याच अल्बममधले ‘रेनबो रोड’ ऐकावे, म्हणजे त्याची खरी जागा कोणती ते कळते. डॅन पेन आणि डॉनी फ्रिट्स यांनी लिहिलेली ती एका गायकाची कहाणी आहे. यश हाताशी आलेले असताना एका क्षणात तो सारे गमावतो.

मारवा

दोन्ही बाजू वाचून बरेच उलगडले. १९७२नंतर त्याने काय केले? आणि नवख्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी?

लोलक

१९७५मध्ये त्याने स्वतःच पूर्वी लिहिलेले ‘एव्हरी डे आय हॅव टू क्राय’ गायले आणि ते ४५व्या क्रमांकापर्यंत गेलेही. पण गाण्यांच्या मानाने हाती आलेला पैसा थोडा होता, आणि थोड्याच काळात तो धर्माकडे वळून संगीतापासून दूर झाला. पुढची बरीच वर्षे त्याने ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे बस चालवली. नंतर बेन व्हॉन या निर्मात्याने त्याला पुन्हा स्टुडिओत आणले आणि १९९३मध्ये ‘लोन्ली जस्ट लाइक मी’ हा अल्बम निघाला. पेन, ओल्डहॅम आणि फ्रिट्स हे औषधांच्या दुकानावरचे जुने सोबती त्यात साथीला होते. अल्बमचे स्वागत चांगले झाले, परंतु त्याच वर्षी ९ जून रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी निघालेल्या श्रद्धांजलीपर अल्बममध्ये रॉबर्ट प्लांट, एल्विस कॉस्टेलो आणि निक लो यांनी त्याची गाणी गायली.

सुरुवात बीटल्सशी जोडलेल्या गाण्यांपासून करू नये, असे मी सुचवेन. त्यामुळे ऐकणारा तुलनेतच अडकतो. आधी १९९३चा अल्बम ऐकावा. वयाने आवाज थोडा खरखरीत झालेला आहे, पण वाद्ये मोजकी असल्यामुळे प्रत्येक शब्द समोर येतो. मग १९६२चे ‘गो होम गर्ल’ ऐकावे आणि जमल्यास राय कूडरने १९७९मध्ये गायलेले तेच गाणे त्यानंतर लावावे. ‘अ‍ॅना’कडे त्यानंतर वळले तरी चालेल.